रेट की हेडिंग होल्ड: टेल आधी हाताने बसवा, मग जायरोवर सोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्लायबार (मुख्य रोटर स्थिर ठेवणारा दांडा) असलेलं, बेल्टवर टेल चालणारं, रेडिओवर उडवायचं ४५० साइजचं मॉडेल हेलिकॉप्टर सेकंडहँड घेतलं आहे. टेलला स्वतंत्र जायरो (नाकाचं वळणं ओळखून टेल सावरणारं यंत्र) आणि डिजिटल सर्व्हो (टेल ब्लेडचा कोन बदलणारी छोटी मोटर) आहे. जायरोच्या साध्या म्हणजे रेट मोडमध्ये कलेक्टिव्ह (मुख्य ब्लेडचा कोन एकदम बदलणारं नियंत्रण) वाढवलं की नाक डावीकडे जातं, कमी केलं की उजवीकडे. हॉवर (एका जागी तरंगणं) सरळ व्हावं म्हणून रडरला (नाक वळवणाऱ्या नियंत्रणाला) उजवीकडे बरंच ट्रिम दिलं, म्हणजे ट्रान्समीटरवरून त्याचा मधला बिंदू सरकवला. हेडिंग होल्ड या दुसऱ्या मोडवर टाकलं तर वाऱ्याने नाक हलत नाही, पण हेलिकॉप्टर स्वतःभोवती सावकाश फिरत राहतं. जमिनीवर रडर स्टिक जरा हलवली की सर्व्हो एका बाजूला सरकतो आणि मधे परत येतच नाही. वेगात पुढे नेलं की टेल थरथरते. जायरो बिघडला आहे का, बदलावा का, आणि शिकायला कुठला मोड चांगला, असं विचारलं आहे.

जायरो बहुधा धडधाकट आहे. तुम्ही लिहिलेल्या चार लक्षणांपैकी दोन तर त्या त्या मोडचा स्वभावच आहेत. तिसरं तुमच्या ट्रिममुळे आलेलं दिसतं आणि चौथं गेनचं (जायरो किती जोरात दुरुस्ती करतो त्याचं) किंवा लिंकेजचं (सर्व्होपासून टेलपर्यंतच्या रॉड-सांध्यांचं) असावं. खरी अडचण मोड निवडण्याची नाही. मशीनचा मधला बिंदू लिंकेजमध्ये बसवायला हवा होता, तो ट्रान्समीटरवरून बसवला गेला आहे, आणि रेट मोडसाठी केलेली दुरुस्ती हेडिंग होल्डमध्ये जाऊन उलटली आहे.

आधी दोन्ही मोडमध्ये जायरो नेमकं काय करतो ते बघू, कारण एकदा ते कळलं की पुढचं बरंचसं तुम्हालाच सुचत जाईल.

बहुतेक मॉडेल हेलिकॉप्टरांचा मुख्य रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्यामुळे बॉडीला उलटा हिसका बसतो आणि नाक डावीकडे जायला बघतं. टेल रोटर सतत जोर लावून ते थोपवतो. कलेक्टिव्ह वाढवलं की मुख्य ब्लेडना हवा कापायला जास्त ताकद लागते, टॉर्क म्हणजे हा उलटा हिसका वाढतो, आणि टेलचा आधीचा जोर अपुरा पडतो. म्हणून नाक डावीकडे. कमी केलं की याच्या उलट. हवाई दलाने आणि नौदलाने वर्षानुवर्षं उडवलेल्या चेतक हेलिकॉप्टरचा रोटरही याच दिशेने फिरतो, आणि तिथे कलेक्टिव्ह उचलताना पायलटला उजवं पेडल दाबावं लागतं. रेट मोडमध्ये तुम्हाला दिसतंय ते हेच. त्यात काही बिघाड नाही.

रेट मोडमध्ये जायरोला एकच गोष्ट कळते: नाक आत्ता किती वेगाने वळतंय. वळण्याच्या वेगाच्या प्रमाणात तो उलट्या बाजूला रडर देतो. वळणं थांबलं की त्याची दुरुस्तीही शून्य होते. पाण्यात हात फिरवावा तसं आहे हे: जितक्या जोरात फिरवाल तितका विरोध होतो, पण हात थांबला की पाणी त्याला मागे नेऊन ठेवत नाही. झुळुकीने नाक ३० अंश वळलं, तर रेट जायरो ते वळणं मंद करेल, पण नाक परत आणणार नाही. तो दिशा लक्षातच ठेवत नाही. आडवा वारा सतत असेल तर शेपूट हळूहळू वाऱ्याच्या ओघात जाते आणि नाक वाऱ्याकडे तोंड करतं. इथे तुमची स्टिक थेट सर्व्होपर्यंत पोहोचते, जायरो फक्त त्यातून आपला वाटा वजा करतो. म्हणून रेट मोडमध्ये ट्रिम लागू पडतं, आणि कलेक्टिव्हबरोबर रडर आपोआप देणारं रिव्हो मिक्सिंगही इथेच उपयोगी पडतं.

हेडिंग होल्डमध्ये हिशेबच वेगळा. फुटाबा ही कंपनी याला एव्हीसीएस म्हणते, काही जण टेल लॉक म्हणतात, गोष्ट तीच. इथे स्टिक सर्व्होला हुकूम देत नाही, ती जायरोला सांगते की सेकंदाला इतके अंश या वेगाने फिर. स्टिक मधे असेल तर अर्थ होतो, अजिबात फिरू नकोस. जायरो सांगितलेला वेग आणि प्रत्यक्षातला वेग यांतला फरक मोजतो, आणि तो फरक सतत साठवत जातो. ही साठलेली बेरीज म्हणजेच नाक ठरल्या दिशेपासून किती अंश ढळलं याचा हिशेब. बेरीज शून्यावर येईपर्यंत तो रडर देत राहतो, म्हणून झुळुकीने ढळलेलं नाक जागेवर येतं. टॉर्क वाढला, वारा बदलला, बॅटरी उतरून रोटरचा वेग पडला, तरी टेलला किती जोर लागेल ते तोच शोधून काढतो.

आता टेबलावरचा तुमचा सर्व्हो बघा. मोटर बंद आहे, हेलिकॉप्टर जागेवर आहे, मोड हेडिंग होल्ड. तुम्ही स्टिक उजवीकडे थोडी दिलीत. जायरोने ऐकलं की उजवीकडे फिरायचं आहे. मशीन फिरत नाही. फरक साठतो, सर्व्हो आणखी उजवा रडर देतो. तरी मशीन फिरत नाही, आणखी साठतो, आणि सर्व्हो लिमिटला जाऊन टेकतो. तुम्ही स्टिक सोडलीत. आता सांगितलेला वेग शून्य, प्रत्यक्ष वेगही शून्य, फरक काहीच नाही. पण आधी साठलेलं तसंच आहे, म्हणून सर्व्हो तिथेच थांबतो. जायरोने तुमचं तंतोतंत ऐकलेलं असतं. तेव्हा जमिनीवर रडर मधे येत नाही म्हणून जायरो बाद करू नका. उलट हेडिंग होल्डवर टाकूनही सर्व्हो झटकन मधे परत येत असेल, तर जायरो प्रत्यक्षात रेट मोडमध्येच राहिला आहे असं समजा आणि ट्रान्समीटरवरचं गेनचं चॅनल तपासा, मोडही त्यावरूनच ठरतो.

यातून एक सवय मात्र लावून घ्या. हेडिंग होल्डमध्ये उडण्याआधी रोटर वेग घेत असताना रडरला हात लावायचा नाही. लागलाच तर क्षणभर रेटवर टाकून परत हेडिंग होल्डवर या, सर्व्हो मधे येतो. तसं न करता टेल एका टोकाला असताना उडालात, तर स्किड (जमिनीवर टेकणारे पाय) हलके होताक्षणी मशीन गर्रकन फिरेल.

सावकाश फिरण्याचं कारणही आता सरळ दिसेल. रेटमध्ये हॉवर सरळ करायला दिलेलं उजवं ट्रिम हेडिंग होल्डमध्ये 'हळू हळू उजवीकडे फिरत राहा' असा हुकूम होतो. थोडं जायरोच्या जातीवरही अवलंबून आहे. फुटाबाच्या जीवाय४०१ च्या पिढीतले बरेच जायरो चालू होताना स्टिक आणि ट्रिम जिथे असेल त्यालाच शून्य मानतात. अशात चालू केल्यानंतर ट्रिम हलवलंत तरच फिरणं सुरू होतं, आणि बॅटरी काढून लावली की गायब होतं. काही जायरो ठरावीक मधल्या सिग्नललाच शून्य धरतात, त्यांना ट्रिम कधीच चालत नाही. दोन्हींवर उपाय एकच: रडरचं ट्रिम आणि सबट्रिम (रेडिओच्या मेनूतलं ट्रिम) शून्य.

तरीही फिरत राहिलं तर बारकाईने बघा. कलेक्टिव्ह वर नेल्यावर एका बाजूला आणि खाली आणल्यावर दुसऱ्या बाजूला फिरत असेल, तर ट्रान्समीटरमध्ये रिव्हो मिक्सिंग चालू राहिलं आहे. सेकंडहँड मशीनबरोबर आधीच्या मालकाचा ट्रान्समीटर आणि त्यातलं मॉडेल तसंच घेतलं की हे नेहमी दिसतं. नॉर्मल, आयडल-अप (रोटर सतत जास्त वेगात), थ्रॉटल होल्ड (मोटर बंद), प्रत्येक फ्लाइट मोडमध्ये वेगवेगळं जाऊन बघा, कारण बऱ्याच रेडिओत प्रत्येकाचं मिक्सिंग आणि ट्रिम स्वतंत्र साठवलेलं असतं. सुरुवातीला स्थिर असून चार-पाच मिनिटांनी एकाच बाजूला फिरायला लागत असेल, तर तो तापमानाचा फरक. जायरो चालू होताना काही सेकंद स्वतःचा शून्य वेग मोजतो, तेव्हा मशीन अजिबात हलता कामा नये. मे महिन्यात गाडीच्या डिकीतून काढलेलं तापलेलं हेलिकॉप्टर लगेच चालू केलंत तर तो शून्य तापलेल्या सेन्सरचा असतो, आणि हवेत गेल्यावर सेन्सर निवत जातो तसा तो शून्य सरकतो. जुन्या पिएझो सेन्सरमध्ये हे जास्त, पुढच्या सिलिकॉन सेन्सरमध्ये कमी. मैदानावर पोचल्यावर मशीन सावलीत थोडा वेळ बाहेर ठेवा, मग बॅटरी लावा.

आता बसवायचं कसं. माझा क्रम नेहमी हाच असतो आणि कोणाचंही मशीन हातात आलं तरी मी तो मोडत नाही. मोटरच्या तीनपैकी दोन वायर काढून ठेवा. ४५० ची ३२५ मिलिमीटरची ब्लेड लहान दिसतात, पण टेबलाजवळ ती फिरता कामा नयेत.

रडरचं ट्रिम, सबट्रिम, रिव्हो मिक्सिंग सगळं शून्य करा आणि जायरो रेट मोडवर टाका. सर्व्हो आपोआप मधे येईल. आता हॉर्न (सर्व्होची छोटी दांडी) पुशरॉडशी (टेलपर्यंत जाणाऱ्या रॉडशी) काटकोनात हवा. येत नसेल तर हॉर्न काढून एक दाता पुढेमागे बसवून बघा. सबट्रिमने काटकोन करायचा मोह टाळा. मग पुशरॉडची लांबी अशी ठेवा की या स्थितीत टेल ब्लेडना टॉर्क थोपवणाऱ्या बाजूला काही अंश पिच (ब्लेडचा कोन) असेल. दोन्ही टेल ब्लेड एकाच बाजूला दुमडून एकमेकांसमोर आणली की टोकांमधल्या फटीवरून ते डोळ्यांना दिसतं. फट अजिबात नसेल तर पिच शून्य आहे, आणि तुमच्या मशीनमध्ये तसंच असण्याची मला दाट शंका आहे. इतकं ट्रिम लागलं ते उगाच नाही.

पुढची पायरी दिशेची, आणि इथे घाई नको. रडर स्टिक उजवीकडे द्या आणि टेलचा स्लायडर (शाफ्टवर सरकून टेल ब्लेडचा कोन बदलणारा भाग) कुठल्या बाजूला सरकतो ते नीट बघून ठेवा. मग स्टिक सोडून हेलिकॉप्टर हातात धरा आणि नाक झटकन डावीकडे फिरवा. उजव्या स्टिकला सरकला होता त्याच बाजूला स्लायडर आताही सरकला पाहिजे, कारण नाक डावीकडे गेलं तर जायरोने उजवा रडर द्यायचा असतो. विरुद्ध बाजूला गेला तर जायरोवरचा रिव्हर्स स्विच बदला, ट्रान्समीटरवरचा नाही. ट्रान्समीटरवरचा रिव्हर्स फक्त स्टिकची दिशा बदलतो. जायरो उलटा ठेवून उडवलं तर मशीन वेड्यासारखं फिरतं आणि स्टिकने ते थांबवता येत नाही, कारण फिरणं वाढेल तसा जायरो त्यात आणखी भरच घालतो.

मग लिमिट, म्हणजे सर्व्होच्या हालचालीची हद्द. दोन्ही बाजूंना पूर्ण रडर देऊन स्लायडर टोकाला टेकून सर्व्हो घुरघुरणार नाही इतकं ठेवा. लिमिट खूप कमी करावं लागत असेल तर हॉर्नवरचा बॉल (पुशरॉडची लिंक अडकते तो गोल सांधा) आतल्या भोकात घ्या. सर्व्होने पूर्ण हालचाल करावी आणि ती टेलने पूर्ण वापरावी, म्हणजे जायरोला बारीक दुरुस्ती करायला जागा राहते.

सर्व्होचा बॉल सोडवून पुशरॉड हाताने पुढेमागे करून बघा. सर्वांत जास्त वेळ मी इथे घालवतो. बोटाच्या हलक्या धक्क्याने तो आपल्या वजनावर सरकला पाहिजे. बूमवरचे (शेपटीच्या नळीवरचे) गाइड किंचित तिरके असले तरी रॉड घासतो. बॉल लिंक घट्ट असेल तर सर्व्होला आधी ते घर्षण तोडावं लागतं, मग एकदम जास्त हालचाल होते, आणि टेल दोन बाजूंना सावकाश डोलत राहते. लोक तेव्हा गेन कमी करत बसतात. उलट लिंक सैल असेल, टेल ग्रिप (टेल ब्लेड धरणारा भाग) धरून हलवल्यावर खेळ जाणवत असेल, तर जायरो त्या पोकळीत हात मारत राहतो. जुन्या मशीनमध्ये टेल ग्रिपचे बेअरिंग आणि स्लायडरची बुश आधी बदलायला घ्या, त्यांची किंमत जायरोच्या मानाने किरकोळ असते. बेल्टही बघा: टेल रोटर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दिशेनेच फिरतो ना? बेल्टला चुकीच्या बाजूने पीळ दिला की टेल उलटी फिरते आणि ब्लेड उलट्या बाजूने हवा कापतात. सैल बेल्ट कलेक्टिव्हच्या झटक्याला दात सोडतो. कोरड्या हवेत बेल्टवर स्थिर विद्युत साठून जायरोला हिसके बसतात, त्यासाठी बूम आणि चेसिस वायरने जोडून ठेवावी.

एवढं झालं की मोटर जोडा, ब्लेड लावा, वारा पडलेला असताना पहाटे मैदानावर जा. मोकळ्या माळावर सकाळी नऊनंतरचा वारा या कामाला चालत नाही. रेट मोडमध्येच, साध्या हॉवरच्या पिचवर. नाक डावीकडे सरकत असेल तर टेलला जोर कमी पडतोय. उतरा, मोटर बंद करा, आणि उजवी स्टिक दिल्यावर स्लायडर ज्या बाजूला जात होता त्या बाजूला तो सरकेल अशा रीतीने बॉल लिंक एक फेरा फिरवा. पुन्हा हॉवर. स्टिक मधे असताना नाक जवळपास स्थिर राहीपर्यंत हेच. वर चढताना नाक हलेल, त्याकडे आत्ता लक्ष देऊ नका.

मग हेडिंग होल्ड चालू करा. हवेत आल्या आल्या टेल वेगळीच वाटेल. जायरोची बेरीज आता शून्याजवळून सुरू होते, दोन्ही बाजूंना त्याच्याकडे सारखी हालचाल शिल्लक असते, आणि अचानक पूर्ण कलेक्टिव्ह दिलं तरी टेल सुटत नाही. मधला बिंदू चुकलेला असेल तरीही हेडिंग होल्ड हॉवर सरळ ठेवतोच, म्हणून बरेच जण ही पायरी सोडून देतात. मग उजवीकडचा पिरुएट (जागेवरची गिरकी) झपकन थांबतो आणि डावीकडचा घसरत थांबतो, आणि त्याचा दोष जायरोच्या माथी जातो.

वेगात टेल थरथरते त्याबद्दल. थरथर बारीक आणि जलद असेल तर गेन जास्त आहे. टेल रोटर मुख्य रोटरला जोडलेला असतो, म्हणून रोटरचा वेग वाढला की टेलचाही वाढतो, आणि जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. हेडस्पीड (मुख्य रोटरचा वेग) २४०० वरून २८०० आरपीएमवर नेला तर त्याच पिचला टेलचा जोर साधारण ३६ टक्क्यांनी वाढतो. हॉवरला नेमका बसलेला गेन आयडल-अपमध्ये म्हणूनच जास्त होतो. प्रत्येक फ्लाइट मोडला वेगळा गेन ठेवा. थरथर दिसेपर्यंत वाढवायचा, मग थरथर जाईल इतका खाली आणायचा, आणि हे वेगात पुढे जाताना तपासायचं. आकडा मी देत नाही, कारण प्रत्येक रेडिओची मोजपट्टी वेगळी. फुटाबात शून्याच्या एका बाजूला हेडिंग होल्ड आणि दुसऱ्या बाजूला रेट, स्पेक्ट्रम कंपनीच्या रेडिओतल्या ० ते १०० च्या पट्टीवर मधला ५० म्हणजे शून्य गेन. तिथे कोणी सांगितलं म्हणून ४० टाकलंत तर गेन तर कमी होतोच, मोडही बदलतो.

गेन अगदी कमी करूनही थरथरत असेल तर जायरोखालची फोम टेप बघा. कडक झालेली किंवा सुटत आलेली टेप फ्रेमची थरथर सेन्सरपर्यंत पोचवते. जायरोच्या वायरी ताणून बांधल्या असतील तर त्याही तेच करतात.

शिकायला कुठला मोड, याचं उत्तर तुम्हाला काय उडवायचंय त्यावर आहे. हॉवर, बाजूचे हॉवर, नाक स्वतःकडे असलेला हॉवर शिकत असाल तर हेडिंग होल्ड. एक दिशा सांभाळायचं ओझं कमी होतं आणि लक्ष सायक्लिकवर (पुढेमागे आणि बाजूंना कलवणाऱ्या नियंत्रणावर) राहतं. पुढे वळणं घ्यायला लागाल तेव्हा एक फरक जाणवेल: रेटमध्ये वेगात बँक दिलं (एका बाजूला कलवलं) की शेपूट वाऱ्यामुळे आपोआप मागे येते, विमानासारखं वळण मिळतं. हेडिंग होल्डमध्ये नाक सांगितल्याशिवाय वळत नाही, आडवं घसरत जातं, तेव्हा संपूर्ण वळणभर रडर धरून ठेवावा लागतो. नवशिक्यांना हे जड वाटतं, पण माझं मत ठाम आहे की ते सुरुवातीलाच हाताला लागलं पाहिजे. नंतर फ्लायबारलेस युनिट (फ्लायबारचं काम इलेक्ट्रॉनिक्सने करणारं) घ्याल तेव्हा त्यातही टेल बहुतेक हेडिंग होल्डनेच चालते. स्केल मॉडेल (खऱ्या हेलिकॉप्टरची प्रतिकृती) शांतपणे फिरवायचं असेल तर रेट आणि नीट जुळवलेलं रिव्हो मिक्सिंग यांचं उड्डाण बघायला फार देखणं असतं, आणि तिथे मी आजही रेटच वापरतो.

जायरो बदलायचाच झाला तर त्याआधी सर्व्होचा नमुना क्रमांक बघून घ्या. टेलचे काही सर्व्हो १५२० मायक्रोसेकंदाच्या मधल्या पल्सवर चालतात, काही ७६० च्या. जायरो आणि सर्व्हो यांत हे जुळलं नाही तर सर्व्हो एका टोकाला जाऊन ताणत राहतो. साधा ॲनालॉग सर्व्हो जायरोच्या डिजिटल सेटिंगवर चालवला तर तापून जळतो. सेकंडहँड मशीनवर आधी कोणी काय बदललंय याचा भरवसा नसतो, म्हणून थोडा वेळ चालवून सर्व्होला बोट लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर लगेच बॅटरी काढा.

ट्रिम शून्य करून रेटमध्ये हॉवर झालं की नाक कुठे आणि किती वेगाने जातं, लिंकचे किती फेरे लागले, आणि हेडिंग होल्डवर टाकल्यावर डाव्या-उजव्या पिरुएटचं थांबणं सारखं आहे का, एवढं लिहा. जायरोचं मॉडेल आणि हॉर्नवर बॉल कितव्या भोकात आहे तेही कळवा, मग गेनबद्दल नेमकं बोलता येईल.